उंबऱ्यापाशी थाप

घर उघडायचं, झाडायचं, चूल पेटवून चहा करायचा आणि शेवटच्या एसटीने परतायचं, एवढंच काम होतं. पिशवीत चहापत्ती, केरसुणी आणि लताआत्याच्या घराची किल्ली.

आत्याच्या गावात दंगल झाली तेव्हा तिथली बौद्धवस्ती रातोरात ओस पडली. आत्या तेव्हापासून एकलहऱ्याला आमच्याकडे. मी सारखी तिच्या मागे लागायची, "घर आपलं आहे, आत्या. आपण का लपायचं? तू गेलीस की बाकीचेही येतील."

"तुझं कालेज बोलतंय, चैताली. त्या दाराला तू वळखत नाय."

मला सगळं माहीत होतं. त्या रात्री वस्तीत ठरलं होतं, बाहेरून 'जय भीम' ऐकल्याशिवाय कडी काढायची नाही. आत्याचे मालक, चिमाजीमामा, म्हैस सोडायला गेलेले. मग दारावर थाप पडली. आत्याने विचारलं, "कोण?" उत्तर नाही. नुसती थाप, तीही खालून, उंबऱ्यापाशी. तिने कडी काढली नाही. सकाळी मामा उंबऱ्यावर मिळाले. काठी गळ्यावर बसली होती. त्यांना बोलताच आलं नव्हतं.

शेवटी आत्या माझ्यासोबत निघाली. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. जळक्या कुडांवर घाणेरी माजलेली. कुत्रंसुद्धा नाही. आत्याचं घर तेवढं शाबूत. मी कुलूप काढून दार ढकललं. हललं नाही.

"लाकूड फुगलंय," म्हणत मी खांदा लावला.

आतून थाप आली. हलकी. खालून.

"आत्या... मागे दार आहे का?"

"नाय..."

फटीतून ओल्या वैरणीचा वास येत होता. पुन्हा थाप.

"इचारत्यात..." आत्या कुजबुजली. "कोण, म्हनून..."

मला भीती वाटली आणि भीती वाटल्याचा रागही आला. मी ओरडले, "जय भीम!"

दार बंदच.

"तुला नाय गं... मला इचारत्यात."

तिने तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली, पण नुसता श्वास बाहेर आला. मग ती हळूच उंबऱ्यावर आडवी झाली, गाल लाकडाला टेकवला आणि खालून थाप दिली.

आत कडी सरकली.

घरात कोणी नव्हतं. आत्या मात्र परत एकलहऱ्याला यायला तयार झाली नाही.

आता वस्तीत आणखी घरं नांदती झालीत. लोक म्हणतात, चैतालीमुळे जमलं. आत्याचा आवाज गेला तो गेलाच. डॉक्टरांना गळ्यात काही सापडत नाही. मी दाराबाहेरून 'जय भीम' म्हटलं की ती आतून कडीजवळ थाप देते, मग उघडते.

परवा ती एकलहऱ्याला आली होती. तिला पोचवायला गेले. कुलूप काढताना सवयीने म्हणून गेले, "जय भीम."

आतून दोन थापा आल्या. एक खालून, उंबऱ्यापाशी. दुसरी कडीजवळ, जिथे आत्या देते तिथेच.

आत्या माझा हात धरून शेजारी उभी होती.