वरवंट्याचं फडकं

वामनराव रोपवेला आले ते लेकीसाठी, पण तोंड असं की कुणाच्या चुका काढायला आलेत. लेक भैरवी कळंबला, सासरी. आठवा महिना. आधी दोनदा पोट पडलेलं, म्हणून त्यांच्या बायकोनं, सुचित्राबाईंनी, यंदा डोंगरावरच्या देवीला खणनारळ बोलला होता. पायऱ्या चारशेच्या वर आणि बाईंचे गुडघे कुरकुरणारे, तेव्हा हा नवा रोपवे.

मुकुटबनच्या वाटेवरचं ते एक टेकाड. पण पायथ्याशी फलक केवढा! ‘विदर्भाचे स्वित्झर्लंड’. फलकाखाली दोन शेळ्या कुणाची तरी पऱ्हाटी खात होत्या. वामनराव पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढून उपअभियंता म्हणून बाहेर पडलेले. असली कामं कशी होतात ते त्यांना ठाऊक होतं. ते नाकातून हसले.

रोपवे म्हणजे तरी काय, दोरावर लोंबणारा एकच डबा. माणसं वर सोडायची आणि रिकामा खाली आणायचा. गावात त्याला पाळणा म्हणत. आत कोपऱ्यातल्या बाकावर लाल काठाच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून, गाठ मारून निजवलेलं होतं. वर इवलंसं टोपडं.

“ही काय भानगड?” वामनरावांनी विचारलं.

यंत्र चालवणारा जफर दारव्ह्याचा मेकॅनिक होता. हात पुसत तो म्हणाला, “वरवंटा हाये, साहेब. गावातल्या बाया म्हणल्या, पाळणा म्हणता तं रिकामा हालवू नका, लेकरावर येते. म्हणून माणसं उतरली का हा बसून येते खाली. तुमच्यातलीच रीत हाये ना, बारशाले ठेवता तसा.”

एवढं यंत्र, एवढा पोलादी दोर, आणि त्याचा कायमचा प्रवासी कोण, तर मसाला वाटायचा दगड! वर आमची रीत आम्हाला शिकवणार हा. वामनरावांना त्या सगळ्यांची कीव आली.

“तिकीट काढता का याचं?” ते म्हणाले. जफर हसला नाही.

वर पोचल्यावर सुचित्राबाई ओटी घेऊन देवळाकडं गेल्या. वामनराव मागं रेंगाळले. अडाणीपणा असाच मोडायचा असतो, असं त्यांचं मत होतं. त्यांनी ते गाठोडं उचललं, चांगलं तीनेक किलोचं, आणि घाणेरीच्या झुडपात भिरकावून दिलं. मग हात झटकून खाली निघालेल्या डब्याकडं पाहत उभे राहिले. काचेतून बाक स्पष्ट दिसत होता. रिकामा.

वारा नव्हता. खाली शेतात कुणी काडीकचरा पेटवला होता, त्याचा धूर सरळ वर चालला होता. तरीही डबा हलत होता. दोराच्या दिशेनं नव्हे, आडवा. कुणी पाळण्याची दोरी हातात धरून बसावं, तसा सावकाश, एका लयीत. कर्र… कुर्र… कर्र…

आणि त्या उघड्या माळावर ओव्याच्या धुरीचा वास आला. धुरीचा, दुधाचा. बाळंतिणीच्या खोलीत येतो तो.

भार नाही म्हणून हेलकावे घेतोय, वामनरावांनी स्वतःला बजावलं. तेवढ्यात फोन वाजला.

“बाबा… आई कुठं हाये?” भैरवी होती.

“देवळात. काय झालं?”

“आत्तापर्यंत लाथा मारून राह्यलं होतं. आता… हलूनच नाही राह्यलं.”

“डाव्या कुशीवर वळ. शांत पड,” ते आपल्या हापिसातल्या आवाजात म्हणाले. पण पाय केव्हाच झुडपाकडं निघाले होते. कानाशी फोन, गुडघे मातीत, हाताला काटे. जन्मभर दुसऱ्यांना खुळे म्हणणारा माणूस घाणेरीत रांगत होता. गाठोडं सापडलं. त्यांनी ते छातीशी धरलं.

“बाबा… हललं.”

एवढ्यावर विश्वास ठेवतील तर ते वामनराव कसले! त्यांनी गाठोडं खाली खडकावर ठेवून पाहिलं.

“थांबलं, बाबा…”

त्यांनी झडप घालून ते उचललं.

“हललं. हललं परत.”

पुन्हा ठेवून बघायची छाती त्यांना झाली नाही. “दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता,” एवढंच कसंबसं बोलले.

दिवस कलला तसा पाळणा वर आला. त्यातून देवळात दिवा लावणारी बसंतीबाई तेलाची बाटली घेऊन उतरली. वामनरावांच्या हातांकडं बघून थबकली आणि हळूच म्हणाली, “झोपलं काय?”

म्हातारी थट्टा करते आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

फोनचं बाईंना काही सांगितलं नव्हतं. खाली येताना त्या राहून राहून नवऱ्याकडं बघत होत्या. “अहो, दगड हाये तो. ठेवा ना बाकावर.”

“राहू दे.”

“मांडी अवघडन तुमची.”

“राहू दे म्हणतो ना.”

सख्ख्या लेकीलाही या माणसानं कधी असं मांडीवर घेतलं नव्हतं.

पायथ्याला दिवे लागले होते. जफरनं दार उघडलं. सुचित्राबाई उतरल्या.

“बरं केलं साहेब, रिकामा नाही पाठवला,” जफर म्हणाला. “खरं सांगू, मले भरोसा नव्हता तुमचा. तुमाले आणाले बसंतीबाई बसून गेली, म्हणून वरवंटा काढून ठेवला मी.”

त्यानं बोट दाखवलं. त्याच्या स्टुलावर काळा, गुळगुळीत वरवंटा उभा होता.

“पण मघाच्या खेपेत उघडाच आला,” जफर म्हणाला. “फडकं वरच राह्यलं का?”

वामनराव उठले नाहीत. फडक्याची गाठ होती तशीच होती. टोपडं थोडं सरकलं होतं.

“चला ना,” बाहेरून सुचित्राबाई म्हणाल्या. “काहून बसून राह्यले?”

त्यांच्या मांडीवरची पँट ओली झाली होती, आणि ओल कोमट होती.