रिकामी मात्रा

वादळाचा रेड अलर्ट लागला, घराकडे येणाऱ्या एकुलत्या रस्त्यावर झाड आडवं पडलं, आणि आयर्लंडमध्ये ॲथलोनजवळ डोनलच्या स्वयंपाकघरात पाच माणसं अडकली. दुपारचे दोन वाजले होते. वीज नव्हती. टेबलावर बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर होता आणि त्यात एक जुनी कॅसेट.

“झाड कापायला माणसं येईपर्यंत कोणी कुठे जात नाही,” विभावरी म्हणाली. डब्लिनमध्ये ती खासगी तपासाची कामं करायची. “स्वरूपा, पहिल्यापासून सांग.”

स्वरूपाचे वडील चंद्रहास वीस वर्षं दर गुरुवारी पबमध्ये आयरिश वादकांबरोबर बासरी वाजवत. त्यांनी बांधलेली एक धून सगळ्यांच्या हातात बसली होती. मार्चमध्ये ते गेले. नदीकाठी त्यांच्या नावाचा बाक बसवून त्यावर ती धून कोरायचं ठरलं. मग ही कॅसेट निघाली. वरच्या चिठ्ठीवर फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणाऱ्या डोनलच्या आजोबांचं नाव आणि साल १९७४. धून तीच.

“आता लोक म्हणतात, बाबांनी चोरली,” स्वरूपा म्हणाली. “बाकावर नाव घालायचं की नाही, ते बाक बसवणाऱ्यांना पाचपर्यंत कळवायचंय.”

“कॅसेट सापडली कोणाला?”

“मला. याच घरातल्या खोक्यात,” सलील म्हणाला. “अकरा वर्षं चंद्रहासकाकांकडे फिडलवर शिकलो, आणि मलाच सापडावी! पण खरं ते खरं.”

विभावरीचा मित्र इंद्रनील तिच्या कानाशी लागला. “हे डोनलचंच काम. घर त्याचं, आजोबा त्याचे.”

“तू आधी चहा पी.”

तिनं कॅसेट लावली. खरखरीतून फिडल आलं. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर एक मात्रा रिकामी गेली. चौथ्या ओळीतही.

“आजोबा असे अडखळत नसत,” डोनल पुटपुटला. “पण या खरखरीत काय ओळखणार?”

स्वरूपानं फोनवर वडिलांचं सहा वर्षांपूर्वीचं वादन लावलं. त्यात ओळी सलग होत्या.

“आणि शेवटच्या हिवाळ्यात?”

“फुप्फुसं थकली होती. पूर्ण ओळ निघायची नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकत असायचे. डोनल रविवारी यायचा. सलीलदादा रोज.”

विभावरीनं भिंतीवरचं फिडल काढून डोनलच्या हातात दिलं. त्यानं धून वाजवली. कुठेही खंड नाही.

“अरे, टेपवर तिथे रिकामं आहे,” इंद्रनील म्हणाला.

“रिकामी जागा दिसली की फिडल भरतं,” डोनल हसला. “पबमध्ये चौघं मिळून वाजवतात ते कशाला?”

मग सलील तेच फिडल घेऊन वाजवायला बसला. तिसऱ्या ओळीत तो थांबला. चौथ्या ओळीतही.

“इथे का थांबलास?”

सलीलनं कानाच्या पाळीला हात लावला. “काका थांबायचे. गुरूनं ठेवलेली जागा आपण बदलायची नसते.”

विभावरीनं टेपरेकॉर्डर बंद केला.

“बासरीवाल्याला दम लागतो. फिडलवाल्याला ओळीच्या मध्ये थांबायचं कारणच नाही. मग १९७४च्या फिडलवर दम कोणाला लागला? या जागा चंद्रहासांच्या आजारपणाच्या आहेत. सहा वर्षांपूर्वी त्या नव्हत्या. म्हणजे जुन्या कॅसेटवर हे नव्यानं भरलंय. स्वरूपा सोडली तर शेवटचं वादन ऐकलं दोघांनी. डोनलच्या हातानं ती मात्रा आपसूक भरली. गुरूचा दमही धून समजून उचलणारा इथे एकच आहे.”

वारा काचांवर आदळत होता. सलीलनं दाराकडे पाहिलं. जायला रस्ता नव्हता.

“अकरा वर्षं मी ‘चंद्रहासबरोबरचा तो’ होतो,” तो म्हणाला. “जुनी धून शोधणारा म्हणून एकदा तरी माझं नाव निघावं, एवढंच. काकांना चोर म्हणतील असं वाटलं नव्हतं. म्हणायला लागले, तेव्हा मागे फिरता येईना.”

स्वरूपानं फोनवर दोन शब्द लिहून पाठवले: नाव घाला. मग विचारलं, “त्या थांबायच्या जागा तू शिकलास कशावरून?”

सलीलनं आपला फोन पुढे सरकवला. “शेवटच्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग. तुला दिलं असतं तर सापडलो असतो.”

“लाव.”

बाहेर करवत सुरू झाली. “रस्ता मोकळा होतोय,” इंद्रनील म्हणाला. कोणी उठलं नाही.

बासरी सुरू झाली. डोनलनं फिडल उचलून साथ धरली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर बासरी थांबली. श्वास स्पष्ट ऐकू आला. डोनलनं गज उचलून धरला आणि ती मात्रा रिकामीच जाऊ दिली.