काचेपलीकडचा दुसरा श्वास

मी डॉक्टर आहे. भुताखेताच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू यायचं. हे मात्र मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि एकट्याने नाही.

वेळ भर दुपारची. गाव लातूर. बाहेर ट्यूशनच्या पोरांची गर्दी, त्यातूनच मीही शिकून वर आलो.

आत, हॉस्पिटलात, सीटी स्कॅनच्या टेबलावर माझी आई होती, चांगुणा.

तिच्या यकृतात गाठ निघाली होती. पोट न फाडता, सुई आत घालून ती जाळायची होती. सुई कुठे चाललीये ते सीटी स्कॅनच्या चित्रात बघायचं. पण यकृत श्वासाबरोबर वरखाली होतं, म्हणून प्रत्येक चित्राच्या वेळी पेशंटला श्वास रोखायला लावतात. गाठीला खेटूनच मोठी रक्तवाहिनी होती. जरा हललं तरी जिवावर बेतणार.

आई माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, म्हणून माईकवर मी बसलो. चित्र काढताना सगळे बाहेर येतात. आत आई एकटी... मध्ये जाड काच, आतला आवाज तेवढा स्पीकरवर.

"माय, दम रोख."

तिने रोखला. स्क्रीनवर तिच्या श्वासाची रेघ सरळ झाली.

आणि स्पीकरमधून श्वास ऐकू येतच राहिला...

बारीक. घाईचा. तापलेल्या लेकराचा असतो तसा.

सुई घालणारे माझे सर वैतागले. तिला थांबायला सांग म्हणाले. मी नुसतं रेघेकडे बोट दाखवलं. त्यांनी स्पीकरला कान लावला.

चित्र झालं. सुई बरोबर जागी होती.

"माय, सोड दम."

रेघ सरळच...

तिचे डोळे उघडे होते. ती कान देऊन काहीतरी ऐकत होती.

ऑक्सिजन उतरू लागला. मशीन कोकलायला लागलं. सर आत धावले. माझा धीरच सुटला.

"माय, मी हाय ना हितं. दम घे ना."

तिने घेतला. मोठा, हुंदका फुटावा तसा.

त्याच क्षणी तो दुसरा श्वास थांबला...

गाठ नीट जळाली. सरांनी त्या आवाजाचा विषय पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी वॉर्डात आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच बोलली, माझ्या थोरल्या बहिणीबद्दल, मनिषाताईबद्दल. ताई माझ्या जन्माआधीच भूकंपात गेली, एवढंच मला माहीत होतं.

"ढिगाऱ्याखाली ती माझ्या पायापाशी व्हती. दिसत नव्हती. म्या दम रोखला की तिचा ऐकू यायचा. लई येळ रोखला. मंग न्हाई जमलं, घेतला... पुन्हा तिचा आलाच न्हाई."

मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला.

"आज आली व्हती, धम्मदीप. तू कामून माघारी बोलावलं मला?"

मी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

आई आता घरी आहे. रिपोर्ट चांगले आहेत. भाकरी थापते, शेजारणींशी भांडते. पण एखाद्या दुपारी ती भिंतीला टेकून बसते आणि तिची छाती हलत नसते...

आधी मी घाबरून हाका मारायचो. आता शेजारी बसतो आणि मीही श्वास रोखतो. मला काही ऐकू येत नाही. तिच्या चेहऱ्यावरून कळतं, तिला येतंय.

मग तिला श्वास घ्यावाच लागतो. घेतला की पदरात तोंड घालून रडते. एखाद्या दिवशी ती घेणारच नाही, याची मला भीती वाटते.