कोण? कुणाकडे?

दुपारचा डबा घेऊन हवालदारीणबाई वॉर्डात शिरल्या, तेव्हा नवऱ्याचा नुकताच डोळा लागला होता.

हवालदार हे गल्लीनं चिडवायला ठेवलेलं नाव. माणूस साधा कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन. पण कडक असा, की सख्ख्या मेहुण्यालाही उन्हात ताटकळत ठेवलेलं. "कोण? कुणाकडे?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय मुंगीसुद्धा आत जायची नाही. मात्र आतल्या कुणी "आपलाच आहे, सोडा" म्हटलं, की त्या माणसाला ते जन्मात पुन्हा अडवत नसत.

अपघातात गेलेल्या कुणा अनोळखी पोराची किडनी त्यांना बसवली होती. "शरीरातही पहारेकरी असतात," डॉक्टरीणबाईंनी तेव्हा समजावलं होतं. "परकं दिसलं की तुटून पडतात. गोळ्यांनी त्यांना सुस्त ठेवायचं." गोळ्या कधी चुकल्या नाहीत, तरी पहारेकरी जागे झालेच. लघवी आटली, पाय सुजून खांब झाले. "औषध बदललंय," आज डॉक्टरीणबाई खाली बघत म्हणाल्या, आणि बाई काय ते समजल्या.

पडदा ओढलेला होता. औषधांचा उग्र वास होता. शेजारचं मशीन तेवढं टिकटिकत होतं.

"कोण?" हवालदार झोपेत पुटपुटले. "कुणाकडे?"

जित्याची खोड, म्हणून बाईंना हसू आलं. तेवढ्यात त्याच ओठांतून एक कोवळा आवाज आला.

"काका... आत घ्या ना. बर्फात ठेवलं होतं मला... फार गारठलोय..."

"कुणाकडे?"

"माहीत नाही हो..."

बाईंनी डबा खाली ठेवला. नर्सला हाक मारायला हवी होती. पण पोर रडकुंडीला आलेलं, आणि ते आत गेलं नाही तर नवरा हातचा जाणार. फाटकाची रीत त्यांना पाठ होती. त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"अहो, सोडा त्याला. आपलाच आहे."

बडबड थांबली. संध्याकाळी पिशवीत लघवी उतरली. डॉक्टरीणबाई हरखल्या, आणि बाई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या.

आठवडाभरात हवालदार पिवळे पडले. मग धाप लागली.

"किडनी ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण लिव्हर, फुप्फुसं... शरीर स्वतःलाच परकं समजायला लागलंय. असं मी कधी पाहिलं नाही."

बाई धावत खाटेशी गेल्या. हवालदारांचे डोळे उघडे होते. त्यांनी बायकोला खालीवर न्याहाळलं.

"कोण?" आवाज कोवळा होता. "कुणाकडे?"

"अहो, मी..."

तेवढ्यात त्याच छातीच्या तळातून, फार लांबून, नवऱ्याचा दमलेला आवाज आला. "अगं... सांग ना ह्याला... मी घरचाच आहे म्हणून..."

"आपलेच आहेत ते!" बाई हुंदका देत ओरडल्या. "सोड रे त्यांना! त्यांचंच घर आहे ते!"

"आतल्या माणसानं सांगावं लागतं, काकू," कोवळा आवाज अदबीनं म्हणाला. "तुम्ही बाहेरच्या."

दिवेलागणीला हवालदार गेले.

आता बाई घरात एकट्याच असतात. भर दुपारी कधी दारावर टकटक होते. तीच दमदार, हवालदारांच्या हातची. "आले, आले," म्हणत त्या लगबगीनं उठायला जातात; पण त्या कडीपर्यंत पोचायच्या आतच मागच्या खोलीतून तो कोवळा आवाज विचारतो,

"कोण? कुणाकडे?"