तारप्याला पाठ

पंखा दुरुस्त करायला आलेल्या मुलानं पंखा सोडून भलतीकडेच बघावं, हे काही दक्षाला आवडलं नाही. डहाणू रोडच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दुपारी शिकवण्या संपल्या की ती एकटीच असायची आणि स्वतःचा गेम बनवत बसायची. आणि हा शिडीवर चढून तिच्या स्क्रीनकडे टक लावून बघत होता!

काळ्या पडद्यावर पांढरी माणसं गोल धरून नाचत होती. माऊस फिरवाल तशी फिरायची. मध्ये तारपा, भोपळ्याचं ते लांब फुंकवाद्य, घुमायचा... आणि अचानक त्याचा सूर तुटायचा. चित्र फाटायचं, लाल-निळ्या पट्ट्या इकडच्या तिकडे सरकायच्या आणि नाचणारी एक बाई तारप्याला पाठ करून थेट तुमच्याकडे बघायला लागायची. तिला डोळे नव्हते, तरी बघायची.

"हा तारपा कुठून आणलास?" शिडीवरून प्रश्न आला.

"उधव्याला, मामाच्या पाड्यावर रेकॉर्ड केला. गेल्या दिवाळीत. का?"

"तो मी हाय."

"कोण?"

"वाजवणारा." तो खाली उतरला. धनेश त्याचं नाव. हातात पक्कड, केसांत पंख्याची धूळ. "आणि ती तुटलेली जागा काढून टाक. पाड्यावर अजून चिडवतात मला."

तारपा वाजवणाऱ्याचा दम मध्येच तुटला की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात आणि त्याचं हसं होतं, हे दक्षालाही ठाऊक होतं. पण गेमचा सगळा जीव त्या तुटण्यातच होता! सोमवारी तो पुण्याच्या एका कंपनीला पाठवायचा होता. आवडला तर तिथलं काम मिळणार होतं. नाहीतर घरच्यांनी वापीच्या कारखान्यात पॅकिंगची जागा बघून ठेवलीच होती.

"नाय काढणार," ती म्हणाली.

"दम माझा हाय."

"बरं... पण तुटला का, ते तरी सांग. इतक्यांदा ऐकलंय मी, कळतच नाय."

धनेश पक्कड या हातातून त्या हातात घेत राहिला. "एक पोरगी... नाचता नाचता वळली. तारप्याला पाठ करून, हात लांब धरून स्वतःचा व्हिडिओ घेत होती. आजवर कोणी पाठ नव्हती केली मला. मी बघतच राहिलो."

दक्षाचे कान तापले. तारप्याला पाठ दाखवायची नसते, हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि फोनच्या नादात तिनंच...! गेममधली ती बाई तिनं नुसती भीती वाटावी म्हणून काढली होती. म्हणजे नकळत स्वतःलाच काढलं होतं? तिच्या अंगावर काटा आला, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं.

"चुकलंच माझं," ती हळूच म्हणाली.

"रविवारी परत वाजवतो. न तुटता. तो सूर घाल."

तिनं मान डोलावली. सबंध सुरानं गेमची मजाच जाणार, हे दिसत होतं. पण दम त्याचा होता.

रविवारी मसोलीला, तिच्या मावशीच्या चिकूवाडीत तो तारपा घेऊन आला. दक्षा फोन धरून त्याच्यासमोर बसली, पाठ न करता, अगदी शहाण्यासारखी. त्याचे गाल फुगले, सूर घुमू लागला. काय वाजवत होता! गेम, पुणे, वापी, सगळं तिच्या डोक्यातून गेलं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानंही वर बघितलं—

आणि सूर तुटला.

"आता काय झालं? आता तर तुझ्याकडेच तोंड करून बसलेय!"

"तेच तर..."

"अरे, पाठ केली तरी तुटतो, तोंड केलं तरी तुटतो. मी बसू तरी कशी?"

धनेश हसला. मग तारप्याचा भोपळा पुसत म्हणाला, "जुनाच ठेव गेममध्ये. हसतील त्यांना हसू दे. पण हा नवा कोणाला ऐकवू नको."

"का?"

"हा तुझ्यासाठी तुटलाय."

दक्षाला तो आवडला होता, आणि आता ते लपवायचा तिला कंटाळा आला. तिनं फोन बाजूला ठेवला आणि त्याच्या अगदी जवळ सरकून बसली.

"परत वाजव," ती म्हणाली. "कितीही वेळा तुटलास तरी मी नाय उठणार इथून."