माझ्या नावाचं पहिलं अक्षर

आमचे हे छापखान्यात जुळारी होते. कप्प्यांतून अक्षरांचे शिशाचे खिळे वेचायचे आणि ओळी जुळवायच्या. परदेशी लिपीच्या मोठ्या अक्षरांचे कप्पे वर, धाकट्यांचे खाली. आपल्या लिपीत मोठं-धाकटं नाहीच. तरी माझं नाव जुळवताना हे पहिलं अक्षर मोठ्या मापाच्या खिळ्यांतून उचलायचे. मालक म्हणायचे, "ओळ बिघडते." हे म्हणायचे, "बिघडू दे. घरी बिघडण्यापेक्षा बरं." नाव छापलेलं चिठोरं घरी आणायचे; ते शाईचा वास जाईपर्यंत माझ्या उशाखाली असायचं. मी दोन यत्ता शिकलेली, पण माझं नाव वाचावं तर मीच.

त्यांना जाऊन वर्षं झाली. सून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. परवा दुपारी जेवायच्या टेबलावरच पसारा मांडून बसली होती. नोकरी नवी. काम संध्याकाळपर्यंत चोख गेलं नाही, तर घरी बसवणार होते.

"एवढं काय कोरतेयस?"

"अक्षरं लहानाची मोठी करायची, आई. प्रत्येक भाषेची तऱ्हा निराळी. एकीत तर एक अक्षर मोठं केलं की त्याची दोन होतात."

"आणि आपली?"

"आपली जशी घालू तशीच बाहेर आली पाहिजेत. बघा, तुमचं नाव घालते."

नाव बाहेर आलं. पहिलं अक्षर मोठं.

तिने स्वतःचं नाव घातलं. जसंच्या तसं आलं. पुन्हा माझं घातलं. मोठं.

चिठोऱ्यांचं मी तिला कधी बोलले नव्हते. सासूने सगळंच सांगायचं नसतं. राहू दे तसंच, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तासाभरात पोरीचा चेहरा पार उतरला.

"कुठे चुकतंय तेच सापडत नाही. गेली माझी नोकरी."

मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून म्हटलं, "अहो, पुरे. पोरीच्या पोटावर येतंय. तुमचं-माझं काय ते मागाहून बघू."

"कोणाशी बोलताय, आई?"

"तू परत घालून बघ."

अक्षर सगळ्यांएवढं झालं होतं. तिने काम धाडलं. मग पडदा मिटायला हात नेला, आणि तो तसाच राहिला.

माझं नाव आपोआप उमटलं होतं. उलटं, आरशात दिसावं तसं.

खिळ्यांत नाव असंच दिसतं. छापायच्या आधी.

भोवती जाड काळी चौकट होती, मृत्यूच्या बातमीला लावतात तशी. खाली तारखेपुरती जागा मोकळी सोडली होती.