एरंडोलच्या स्टँडावर

बस एरंडोलच्या स्टँडात शिरत होती, आणि मंदाला वाटलं, आपण आता मरणार. छाती आवळून आली होती, बोटांना मुंग्या आल्या होत्या. शेजारची बाई काहीतरी विचारत होती, ते फार लांबून ऐकू येत होतं. बस पुरती थांबायच्या आत ती गर्दीतून वाट काढत खाली उतरली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली.

कुणीतरी तिची पिशवी तिच्याजवळ आणून ठेवली.

"सीटवरच राहिली होती," तो म्हणाला. पंचविशीतला तरुण, चौकड्यांचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. मंदाचा पांढराफटक चेहरा पाहून तो एकदम अहिराणीतच बोलला, "घाबरू नका. काही व्हनार नही. मी आठेच शे."

इथेच आहे म्हणाला तसा तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"श्वास आत ओढू नका, सोडा. चहावर फुंकर घालतो ना, तसा... हळूहळू."

दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मंदाने ऐकलं. फुंकर घालत राहिली. पलीकडे कापसाच्या गाठी भरलेला ट्रक उभा होता, त्याच्यावर हिवाळ्यातलं उतरतं ऊन पडलं होतं. हळूहळू तो ट्रक पुन्हा ट्रकसारखा दिसायला लागला. तोवर बस निघून गेली होती.

"माझ्यामुळे तुमची बस गेली," ती म्हणाली.

"तुमचीही गेलीच की."

"मला पारोळ्याला जायचंय."

"मग बरंच झालं. मलाही तिथेच." तो हसला. "पुढच्या बसमध्ये पिशवी मीच धरतो. तुमचा भरवसा नाही."

मंदालाही हसू आलं. मग तिने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, मला काय होतंय ते? जळगावच्या डॉक्टरांना कळलं नाही. हृदय ठणठणीत आहे म्हणतात आणि अशक्तपणाची सुई टोचतात."

"मला व्हायचं ना. धुळ्यात एका ऑफिसात होतो तेव्हा. तिथल्या एका डॉक्टरांनी समजावलं. ही भीती असते. समोर वाघ उभा राहिला तर शरीर जे करेल, तेच ते करतं. चढतं आणि उतरतं. माणूस मरत नाही." तो तिच्याकडे वळला. "तुमचा वाघ कोण?"

मंदाने पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "गिरधर नाना."

जळगावात मावशीकडे राहून मंदा एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात टायपिंग आणि फोन सांभाळायची. दर शनिवारी पारोळ्याला घरी यायची. गिरधर नाना तिथले मॅनेजर. एकदा कुणा शेतकऱ्याचा फोन आला. म्हातारा अहिराणीत बोलत होता, म्हणून तिनेही तसंच उत्तर दिलं, "हा आबा, गाडी निंघी गई." नानांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून तिचं नावच पडलं 'निंघी गई'. ती दारात दिसली की नाना गाणं म्हटल्यासारखं म्हणायचे. मग क्लार्क हसायचे, मग ड्रायव्हरही. फोन वाजला की नाना सगळ्यांना गप्प करायचे, ती काय बोलते ते ऐकायला. आता नुसती फोनची घंटा ऐकली तरी तिच्या हाताला घाम सुटायचा. आज तर नानांनी शेठच्या पाहुण्यांपुढे तिची नक्कल करून दाखवली होती.

"घरी सांगितलं?"

"काय सांगू? हसतात म्हणून? आई म्हणेल, हसू दे."

तो म्हणाला नाही, की हसू दे. तेवढ्यानेच तिला हलकं वाटलं.

त्याचं नाव पितांबर. पारोळ्याला पंपाच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं त्याचं दुकान होतं, आणि तांब्याच्या तारेसाठी त्याला जळगावला यावं लागे. त्यानंतर तांब्याची तार नेमकी शनिवारीच संपू लागली.

"इतकी तार जाते कुठे?" एकदा मंदाने विचारलं.

"मोटारी फार जळतात हो आमच्याकडे."

"हिवाळ्यात?"

त्याने खिशातलं तिकीट काढून वाचायला घेतलं. कान मात्र लाल झाले.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी तो म्हणाला, "सोडा ती नोकरी. माझ्याशी... म्हणजे, आपण लग्न केलं तर तुम्हाला तिथे जायलाच नको."

मंदा खिडकीबाहेर बघत राहिली. हवं होतं तेच कानावर आलं होतं, तरी हो म्हणवेना.

"तुम्ही धुळ्याची नोकरी का सोडली?" तिने विचारलं.

"पळालो," तो म्हणाला. "मला छळणाऱ्या साहेबाला एक शब्द न बोलता. अजून कधी रस्त्यात दिसला, तर मी फुटपाथ बदलतो."

"मला तुमच्याकडे पळून यायचं नाहीये," ती हळूच म्हणाली. "यायचं तर नीट यायचंय."

सोमवारी ती दारात दिसताच नानांनी सूर लावला. क्लार्क हसले. मंदाच्या छातीत तेच सुरू झालं, तीच पकड, त्याच मुंग्या. ती खुर्चीत बसली. येऊ दे, तिने मनाशी म्हटलं, आणि श्वास सोडत राहिली. टेबलाची कड घट्ट धरून तिने ते चढू दिलं. थोडं उतरल्यावर उठली आणि नानांच्या टेबलासमोर उभी राहिली. आवाज कापत होता, तो कापूच दिला.

"नाना, माझं नाव मंदा आहे. मी पारोळ्याची आहे, आमच्याकडे असंच बोलतात. कामात चूक झाली तर सांगा. माझी नक्कल पुन्हा करायची नाही."

"अगं, गंमत करतो आम्ही," नाना म्हणाले.

"मला गंमत वाटत नाही. ऑफिसात यायची भीती वाटते."

कुणी हसलं नाही. कोपऱ्यातल्या कमलबाई, ज्या आजवर मान खाली घालून बसायच्या, त्या म्हणाल्या, "बरोबर आहे पोरीचं, नाना. पुरे आता."

शनिवारी बसमध्ये तिने हे सगळं सांगितलं. पितांबर तिच्याकडे बघतच राहिला.

"मग सुधारले का नाना?"

"छे. बोलतच नाहीत माझ्याशी. कामं मात्र ढिगाने देतात." ती हसली. "धुळ्याला एका बियाण्याच्या कंपनीत टायपिस्ट हवी आहे, अर्ज केलाय. परवा मावशीकडे एकदा छातीत धडधडलंच. पण मी स्वयंपाक करत राहिले. भाकरी जरा करपली, एवढंच."

एरंडोल मागे पडलं. मंदा ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती.

"तुम्ही त्या दिवशी काहीतरी विचारलं होतं."

"विचारलं होतं. पण चुकीचं विचारलं. नोकरी सोडा म्हणालो."

"मग आता बरोबर विचारा."

त्याने दुमडलेली बाही उलगडली, पुन्हा दुमडली. शेवटी तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मनासंगे लगीन करशी का?"

मंदा इतकी मोकळी हसली, की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं.

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "वडील घरीच असतात. जेवायलाच या... आईला भरीत करायला सांगते."